तारणाविना मिळालेली पत : शिरूर ते दौंड

पुणे जिल्ह्यात हिंडणाऱ्यांची सारी गर्दी पश्चिमेकडे असते. लोणावळा, सिंहगड, भीमाशंकर ही नावे सर्वांच्या तोंडी. पूर्वेकडचे शिरूर आणि दौंड हे दोन तालुके मात्र सहलीच्या यादीत सहसा येत नाहीत. रांजणगावचा महागणपती हा एवढाच अपवाद, आणि तेथेही भाविक दर्शन घेऊन तडक पुढच्या गणपतीची वाट धरतो. हा पर्जन्यछायेतला मुलूख आहे. येथे धबधबे नाहीत, घाटाची वळणे नाहीत. काळीभोर सपाट जमीन, उसाचे फड, मधूनच एखादे माळरान आणि भीमा व घोड या दोन नद्यांची वळणे, एवढेच काय ते दृश्य. तरीही ज्याला माणसाने माणसाला कसे उभे केले हे पाहायचे असेल, त्याने दोन दिवसांची सवड काढून पुण्याहून वाघोलीमार्गे शिरूर, तेथून न्हावरे, केडगाव आणि अखेर दौंड असा फेरा करावा. सारे मिळून अंतर दीडशेक किलोमीटर भरते.

वाघोली तशी हवेली तालुक्यातली, शिरूरच्या वाटेवरची. आता तेथे इमारतींची दाटी झाली आहे आणि वाहनांच्या कोंडीत अर्धा तास सहज जातो. या गावाचे नाव या मासिकाच्या वाचकांना वेगळ्या कारणाने परिचित आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. त्यानंतर श्री. शांतिलालजी मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेने लातूर-धाराशिव भागातील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यात आणली, आणि त्या कामातूनच पुढे वाघोलीचे शैक्षणिक संकुल उभे राहिले. नंतरच्या काळात मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुले तेथे आली.

गाद्या किती लागल्या, ताटे किती लागली, वर्ग किती भरले, याचा हिशेब ठेवता येतो. पण ज्या मुलाने रात्रीत घराची भिंत आईवडिलांवर कोसळताना पाहिली, त्याला छताखाली निर्धास्त झोप कशी लागावी, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा? गणिताचा तास सुरू असताना त्याच्या मनात काय चालले असेल? अशा मुलाला ‘धीर धर’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याला खरी गरज असते ती रोज ठरल्या वेळी समोर येणाऱ्या, नावाने हाक मारणाऱ्या आणि गृहपाठ न केल्यास रागावणाऱ्या माणसाची. रागावणे हाही विश्वासच असतो. ज्याच्याकडून काही होणार नाही असे वाटते, त्याच्यावर कोणी रागावत नाही.

पुढे भीमेच्या अलीकडच्या काठावर, पेरणे फाट्यापाशी, जयस्तंभ दिसतो. पूल ओलांडला की कोरेगाव भीमा आणि शिरूर तालुका लागतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची हकिगत सर्वांना ठाऊक आहे. कंपनीची ती तुकडी आदल्या रात्री शिरूरच्या छावणीतूनच चालत निघाली होती. स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत महार शिपायांची नावे बरीच आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले. तेव्हापासून या दगडाचा अर्थच बदलला. ज्यांच्या आज्यापणज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्यांना आपल्या माणसांची नावे प्रथमच सन्मानाने कोरलेली वाचायला मिळाली. लढाईच्या अर्थाबद्दल इतिहासकार वाद घालोत. नावे वाचणाऱ्याच्या चेहऱ्याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही.

रांजणगाव ओलांडले, औद्योगिक वसाहतीचे पत्रे मागे पडले की शिरूर येते. जुनी माणसे अजून ‘घोडनदी’ म्हणतात. गावाला लागून घोड नदी वाहते आणि पलीकडच्या तीरावर अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो. पुणे-नगर वाटेवरचे हे मुक्कामाचे ठिकाण, त्यामुळे विहार करणाऱ्या साधु-साध्वींचे पाय या गावाला पिढ्यान्‌पिढ्या लागत आले आहेत. मारवाडी व्यापाऱ्यांची येथली वस्तीही जुनी आहे. गावातले महाविद्यालय चांदमल ताराचंद बोरा यांच्या नावाने चालते.

इंग्रजी छावणीच्या काळातली एक गोष्ट मात्र चमत्कारिक आहे. कर्नल विल्यम वॉलेस नावाचा अधिकारी १८०९ साली येथे वारला. त्याच्या थडग्याला आसपासचे गावकरी ‘सत्पुरुष’ मानून भजू लागले आणि सुगीत नव्या धान्याचा पहिला वाटा तेथे नेऊन ठेवू लागले, असे पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरात नोंदवलेले आहे. ब्राह्मण आणि मारवाडी तेवढे या पूजेत नसत, अशी पुस्तीही तेथे आहे. परक्या मुलखातल्या, परक्या धर्माच्या माणसाला कुणब्यांनी आपला रक्षणकर्ता मानावे, यामागे कोणता अनुभव असेल, हे आता कळण्याजोगे नाही. काहीतरी भलेपण अनुभवास आल्यावाचून शेतकरी पहिले धान्य कोणाला देत नाही, एवढे मात्र खरे.

शिरूरजवळच करडे नावाचे गाव आहे. तेथे जाणाऱ्याला पाहण्याजोगे विशेष असे काही सापडणार नाही, पण व्यापारी घराण्यातल्या माणसाने तेथे घटकाभर थांबावे. १८७४ साली या गावात एका सावकाराने कर्जाच्या वसुलीसाठी एका प्रतिष्ठित देशमुखावर हुकूमनामा मिळवला आणि त्याचे राहते घर उतरवायला घेतले. गाव खवळले. सावकाराचे शेत कोणी करायचे नाही, पाणी कोणी भरायचे नाही, हजामत कोणी करायची नाही, असा गावकीचा बहिष्कार पडला आणि काही सावकारांना बिऱ्हाड हलवून शिरूर गाठावे लागले. पुढल्याच वर्षी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात दंगा झाला. माणसांवर हात फारसा उचलला गेला नाही. जमावाचा सारा रोख कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. त्या जळाल्या. शिरूर आणि त्या वेळचा भीमथडी हे तालुके या दंग्यांत होरपळले. इतिहासात हेच ‘दख्खनचे दंगे’.

त्यामागची कारणे चौकशी आयोगाने तपासली. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा भाव वधारला होता, त्या तेजीत कर्ज सहज मिळाले. १८६५ नंतर भाव कोसळला, त्यातच सारा वाढला, आणि फेडीची ताकद गेली. १८७९ चा शेतकरी साहाय्यक कायदा यातूनच आला. या व्यवहारात सावकार एकटाच दोषी होता असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण सरकारी सारा रोखीने भरायला पैसा देणारा दुसरा कोणीच नव्हता. पण राहत्या घराची वासे-तुळई उतरवणे हेही विसरण्यासारखे नाही. मराठीत ‘पत’ हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतात, उसने मिळण्याची योग्यता आणि समाजातली अब्रू. करड्याच्या त्या घरावर हात पडला तेव्हा एकाच्या दोन्ही पती गेल्या, आणि दुसऱ्याची गेल्याचे त्याला वर्षभराने कळले.

शिरूरहून न्हावऱ्याकडे जाणारा रस्ता उसातून जातो. हंगामात कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या जोडट्रॉल्या वाट अडवतात, तेव्हा घाई करून उपयोग नसतो. या पट्ट्यातील बाजारगावांत आता एकाहून अधिक बँकांच्या शाखा आहेत. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम ५०० गटांपासून सुरू केला, तेव्हा बँकांतल्या अनुभवी माणसांना तो फारसा पटला नव्हता. ना सातबारा, ना दागिना, ना पगाराचा दाखला. कर्ज द्यायचे कशावर? जामीनदार होते, पण ते एकमेकींचेच. दहा-पंधरा बायका, प्रत्येकीची महिन्याची बचत वीस-पंचवीस रुपये, आणि एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी तो उभा करायचा, एवढेच तारण.

गटातली बाई पहिल्यांदा शाखेत येते तेव्हा दाराशीच थांबते. पदर डोक्यावर, हातातली पिशवी छातीशी. मागच्या दोघी-तिघी तिला पुढे ढकलतात, ‘अगं, तूच अध्यक्ष ना, तूच बोल.’ काउंटरवरचा कारकून सहीसाठी वही पुढे करतो आणि ती अंगठ्याकडे पाहते. पुढच्या खेपेला ती सही करते, अक्षर वाकडे, पण स्वतःचे. तिसऱ्या वर्षी तीच बाई व्याज जास्त लावले म्हणून शाखाधिकाऱ्याशी हुज्जत घालते, आणि बहुधा तिचाच हिशेब बरोबर निघतो. तिला हा पीळ कर्जाच्या रकमेने आलेला नसतो. मागे उभ्या राहून ‘तूच बोल’ म्हणणाऱ्या शेजारणींनी तो दिलेला असतो.

न्हावऱ्याच्या पुढे पारगावापाशी भीमा ओलांडली की दौंड तालुका. गुऱ्हाळांचा गोडसर धूर रस्त्यावरूनच जाणवतो. गुऱ्हाळावर कोणीही उतरला तरी त्याला गरम गूळ आणि रस पुढे केला जातो, नाव-गाव नंतर विचारतात. अशा वाटेने केडगाव येते. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे हे लहानसे स्टेशन. गावाबाहेर झाडीत ‘मुक्ती मिशन’ आहे. अनाथ मुली, निराधार आणि अंध स्त्रिया यांच्यासाठी पंडिता रमाबाईंनी उभारलेले हे घर शंभराहून अधिक वर्षे चालू आहे.

रमाबाईंची कहाणी केडगावच्या पुष्कळ आधी सुरू होते. जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीला न जुमानता पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने मुलीला. पुराणे सांगत तीर्थक्षेत्रे हिंडणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले. आई, वडील आणि बहीण थोड्याच काळात गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास दोघेच उरले. उपाशीपोटी, पायी, हजारो मैल त्यांनी तुडवले. १८७८ साली ही दोघे कलकत्त्यास पोहोचली आणि तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. कालपर्यंत अन्नाला महाग असलेल्या मुलीला भर सभेत विदुषी म्हणून हाक मारली जावी, याचा परिणाम काय होत असेल? विद्या तिच्यापाशी आधीही होतीच. ती आहे असे दुसऱ्या कोणी म्हणेपर्यंत तिचा आधार मात्र नव्हता. पुढे भाऊ गेला, विवाह झाला, दोन वर्षांत पती गेले. मनोरमा ही तान्ही मुलगी घेऊन रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या तेव्हा वय अवघे चोवीस.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये फुलहॅम येथे ज्या जोगिणींच्या आश्रमात त्यांना नेण्यात आले, तेथे समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना आसरा दिला जाई. त्याच स्त्रिया आता दुसऱ्या आजारी, दुःखी बायकांची शुश्रूषा करताना त्यांनी पाहिल्या. ज्यांना उचलून घेतले, त्या दुसऱ्यांना उचलत होत्या. स्वतःच्या धर्मांतराची वाट सांगताना रमाबाईंनी या भेटीला मोठे स्थान दिले आहे. केडगावच्या कल्पनेचे बीजही तेथेच शोधावे लागते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी ‘शारदा सदन’ सुरू केले. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये कोकणातली गोदूबाई जोशी ही बालविधवा होती. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, केशवपन, आणि त्यानंतर पंधरा वर्षे दुसऱ्यांच्या घरात राबणे. वयाच्या चोविसाव्या वर्षी तिने पाटी हातात घेतली. वर्गातल्या लहान पोरींबरोबर अक्षरे गिरवताना तिला संकोच वाटला असेलच. पण समोर शिकवणारी बाईही विधवाच होती, साऱ्या जगात फिरून आलेली, भरसभेत बोलणारी. विधवेचे आयुष्य असेही असू शकते, याचा एवढा धडधडीत पुरावा गोदूबाईने त्यापूर्वी पाहिला नव्हता. चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. मुरूडला त्यांच्यावर बहिष्कार पडला. त्याच कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे, त्याच्यासाठी दारोदार वर्गणी गोळा करू लागल्या. वृद्धपणी त्यांनी ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहिले. ज्या हातांनी चोवीस वर्षांपर्यंत अक्षर काढले नव्हते, त्या हातांची ही गोष्ट.

येथे एक अवघड भाग येतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. शारदा सदनात धर्माची सक्ती नाही असे ठरले होते. पण काही मुलींचा कल त्या धर्माकडे होऊ लागला तेव्हा पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागारपदावरून दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांची तक्रार निराधार नव्हती. ज्या भरवशावर मुली पाठवल्या, तो भरवसा ढळला असे त्यांना वाटले. स्वतःचा धर्म जिवापाड जपणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला ते दुःख समजेल. पण तीन-चार वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला, मुली रस्त्यावर मरू लागल्या आणि दलाल त्यांना पळवू लागले, तेव्हा त्यांना आणायला गेलेल्या थोड्या माणसांत रमाबाई होत्या, हेही त्याच प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

त्या गेल्या, कारण दुष्काळात उपाशी मरणे म्हणजे काय ते त्यांना अंगावरच्या अनुभवाने ठाऊक होते. १८९६-९७ च्या त्या दुष्काळातून त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या. पुण्यात प्लेगाची बंधने होती, एवढ्या मुली शहरात ठेवू देईनात. केडगावची माळरानाची जमीन त्यांनी आधी घेऊन ठेवली होती. मुलींना तेथेच नेले. आज दिसणारी झाडी तेव्हा नव्हती. विहिरी खोदण्यापासून सुरुवात झाली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तर वस्ती दीड हजारांहून अधिक झाली.

हाडांचा सापळा झालेल्या, भीतीने अन्न लपवून ठेवणाऱ्या या मुलींना रमाबाईंनी नुसते जेवू घातले असते तरी ते पुण्यच होते. त्यांनी पुढची पायरी घेतली, त्यांच्यावर कामे सोपवली. शेत, गोठा, तेलाचा घाणा, हातमाग, शिवणकाम, दवाखाना, छापखाना, सारे मुलींच्या हातात. शिशाचे खिळे जुळवून मुलीच पाने लावीत आणि छापीत. एका मुलीने शिकायचे आणि तिने लगेच दुसरीला शिकवायचे, अशी रीत होती. सांभाळायला माणसे थोडी म्हणून ही रीत पडली असेल, पण आठवड्यापूर्वी स्वतः रडत आलेली मुलगी नव्याने आलेल्या रडणाऱ्या मुलीचे केस विंचरते, तेव्हा तिचे स्वतःचे रडणे थांबते, हे तेथील मोठ्यांना फार लवकर उमगले असले पाहिजे. मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून अंध मुलींनाही वाचायला शिकवले. बोटांनी वाचणाऱ्या मुलींना डोळस मुली कुतूहलाने पाहत बसत असतील.

ज्या जैन चिन्हाखाली जीवांनी परस्परांवर उपकार करण्याचे सूत्र लिहिलेले असते, ते लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत सर्वत्र दिसते. केडगावला ते चिन्ह नाही, धर्म वेगळा, प्रार्थना वेगळी. तरी अंध वृद्धेला हात धरून जेवणघराकडे नेणारी मुलगी पाहिली की त्या सूत्राची आठवण होते.

मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजी गेल्या. कन्येच्या मागे नऊ महिनेही न उलटता, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी केडगावलाच देह ठेवला.

केडगावहून दौंड अर्ध्या-पाऊण तासाचे. दौंड हे रेल्वेचे गाव. मुख्य मार्ग एकोणिसाव्या शतकातच येथून सोलापूरकडे गेला आणि १८७८ साली मनमाडचा फाटा निघाला. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन येथे एका टोकाचे दुसऱ्या टोकाला लावावे लागे. आता वळणमार्ग झाल्याने पुष्कळ गाड्यांचा तो खोळंबा टळला, पण जुने प्रवासी दौंड म्हटले की लांबलेला थांबा, चहा आणि शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाशी जमलेल्या गप्पा आठवतात. रेल्वेमुळे आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या वसाहतींमुळे गावात अनेक भाषा कानावर पडतात.

दौंडचे खरे रूप पाहायचे तर पहाटे फलाटावर जावे. पुण्याला नोकरीला, कॉलेजला, दवाखान्यात जाणाऱ्यांची गाडी लागलेली असते. रोजच्या प्रवाशांच्या जागा ठरलेल्या असतात. एखादी खेड्यातली मुलगी पहिल्याच आठवड्यात परिचारिकेच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला निघालेली असते, डबा मांडीवर, नजर खाली. चार दिवसांनी शेजारच्या नोकरदार बाई सरकून जागा देतात. कोणते पुस्तक, कोणती परीक्षा, उत्तरतपासणी कशी असते, अशी चौकशी सुरू होते. महिन्याभरात डब्यातल्या तिघीचौघींना तिच्या चाचणीचे गुण पाठ असतात आणि गुण कमी पडले तर सारा बाक तिला बोलतो.

गाडी हलते. पाटस, कडेठाण, आणि मग केडगाव. तेथे ती मिनिटभर थांबते, काहीजणी चढतात, आणि आधीच्या सरकून जागा करतात.